कालच्या पोळ्या

कोकिळा रोज सकाळी सासूपुढे शिळ्या पोळीचा कुस्करा ठेवायची. वर चार शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची.

“पोळ्या कालच्याच ना?” आनंदाबाई विचारत.

“कालच्याच, आई.”

पण रात्री टोपली रिकामी असते, हे आनंदाबाईंनी तीनदा पाहिलं होतं. मग ही शेजारच्या लीलाबाईच्या घरचं शिळं मागून आणते की काय? दुसऱ्यांचं उष्टंमाष्टं आपल्या पोटात?

एका पहाटे पॅसेंजर गाडी सिंदी स्टेशनात शिरायच्या आत त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कोकिळा तव्यावरून उतरवलेल्या पोळ्या सुपात पसरून पंख्यानं वारा घालत होती.

“हे काय करून राह्यली?”

कोकिळाचा पंखा थांबला.



“ताज्या दिल्या का तुम्ही पोरायले वाढून देता, आई. शिळं तेवढंच सोता खाता.”