बरं

आल्या आल्या रचनाने पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ आत आली आणि आईच्या, मंजुळाच्या, हातातली तेलाची वाटी हिसकावून घेतली. ठाण्यावरून कोपरला यायला बाईसाहेबांना महिनोन् महिने सवड नाही. आणि आल्या की हे असं.

"हात नको लावूस त्यांना," रचना म्हणाली.

मंजुळाच्या डोक्यात तिडीक गेली. हात लावू नको? याच हातांनी कोपरमधल्या निम्म्या पोरांना न्हाऊमाखू घातलेलं. बाळंतिणी दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देत नसत. नवऱ्याला, कुंडलिकला, पॅरालिसिस झाल्यापासून रोज सकाळी लसूण घालून तेल कढवायचं आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत रगडायचा, हे काम तिने कोणाला दिलं नव्हतं. एकही दिवस चुकवला नव्हता.

कुंडलिक खाटेवर पडून होता. उजवी बाजू लुळी. डाव्या हाताने त्याने खाटेची दांडी घट्ट धरलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंजुळाला त्याची सवय झालेली. मालिशच्या वेळी ते रोजच यायचं. रेल्वेच्या कारशेडमध्ये जन्मभर लोखंडाशी झुंजलेला गडी, आणि बायकोने हात चोळला तर रडतो. तिलाच शरम वाटायची. शेजारची सगुणा बघेल म्हणून ती दार लोटून घ्यायची.

"रडतायत ते, आई."

"त्यांनाच विचार. काय हो, बरं वाटतंय ना?"

"बरं," कुंडलिक म्हणाला. "बरं. बरं."

"ऐकलंस?"

त्या अटॅकने कुंडलिकची वाचाच गेलेली. नुसता घशातून आवाज यायचा. मग एका सकाळी मालिश चालू असताना हा शब्द बाहेर पडला. माझ्या हाताचा गुण, म्हणत मंजुळाने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. तेव्हापासून तो 'बरं' म्हणाला की ती आणखी जोर लावायची. रचनाचा रोज फोन यायचा. मंजुळा तो त्याच्या कानाला लावायची. "पप्पा, कसे आहात?" "बरं." "चला, छान. ठेवते मग."

रचनाचं सगळं शिक्षण मेंदूचं आणि काम उंदरांचं. लॅबमध्ये उंदराच्या मेंदूचं रक्त अडवायचं, मग आत सूज कशी चढते आणि त्या सुजेने दुखणं कसं पेटतं, ते तपासायचं. उंदराच्या पायाला बारीक तार टेकवायची. त्याने पाय मागे ओढला की समजायचं, दुखलं. मंजुळा चाळीत सांगायची, आमची रचना शास्त्रज्ञ आहे. घरात म्हणायची, उंदीरवाली.

रचना खाली बसली. तिने ओढणीचं टोक बापाच्या उजव्या हातावरून हलकेच फिरवलं. मुंगी चालावी, तेवढंच.

कुंडलिकचा डावा पाय झटक्यात पोटाशी आला.

"बरं!" तो किंचाळला.

मंजुळा खाटेपासून मागे सरली.

"पप्पा," रचनाचा आवाज बारीक झाला. "तुमचं नाव हरिहर ना?"

"बरं."

"मी तुमची आई ना?"

"बरं."

"हा हात तोडून टाकू?"

"बरं," कुंडलिक म्हणाला. डोळे मात्र पोरीच्या तोंडावर खिळलेले, हात जोडल्यासारखे.

"आई, एवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. हो म्हणायला तोच. नको म्हणायला तोच. ओरडायलाही तोच. मेंदूत मार बसला की काही जणांना साधा हात लागला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. आणि तो हात मागे ओढायची ताकद नाही त्यांच्यात."

मंजुळाने दोन्ही हात पदराला पुसले. तेल जाईना. पुन्हा पुसले, कातडी सोलल्यासारखे.

"रोज समोर बघत होतीस," रचना म्हणाली. "एवढंही कळलं नाही तुला?"

मंजुळाचे हात थांबले.

"नाही कळलं. चौथीत शाळा सुटली माझी, बरं म्हणजे बरं, एवढंच मला ठाऊक. मी जाळलं त्यांना. या हातांनी जाळलं, ते माझ्या माथी. पण तू गं? उंदराला बोलता येत नाही, तर दिवसभर त्याचा पाय बघत बसतेस. बापाला एक शब्द येत होता, तर तेवढा ऐकून रोज फोन ठेवलास!"