रजेचा अर्ज

दहाच्या ठोक्याला हेमांगीने देवघरातली घंटा वाजवली आणि घरातली शाळा भरली. चार्वी मात्र जेवणाच्या टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हती.

नऊ वर्षांच्या लेकीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं, हा हट्ट हेमांगीचाच. त्यासाठी तिने फळा आणला, वेळापत्रक चिकटवलं, शाळेच्या वेळेत आपल्याला ‘बाई’च म्हणायचं अशी सक्ती केली. महिना झाला, गोंजारून झालं, रागावून झालं, पण पोरीने वहीत एक ओळ लिहिली नव्हती.

“सुट्टी हवी असेल तर रीतसर अर्ज लिही,” हेमांगी शेवटी वैतागून म्हणाली.

टेबलाखाली बराच वेळ पेन्सिल खरखरत राहिली. मग एक कागद सरकत बाहेर आला.

‘माननीय बाई, मला आज रजा हवी आहे. कारण एक महिना झाला, मला माझी आई भेटलेली नाही. तिला शोधायचे आहे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, चार्वी.’

हेमांगीने तपासायला लाल पेन उचललं, अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग ‘मंजूर’ लिहून तिने ‘आई’ अशी सही केली आणि कागद घेऊन टेबलाखाली शिरली.

चार्वीने सही वाचली.

“कधी आलीस गं?” तिने विचारलं.