रिकामा चौकोन

"तेवढं एक चित्र मीच खरवडून काढलं, मॅडम," कुमुदताईंचा नवरा हसत म्हणाला. "सारखं तिथेच बोट! दूधपोळी नको, माझं भजन नको, माझी बहीण आलेली नको. डोकं उठवलं होतं हिने."

कानाखाली वाजवावीशी वाटली. पक्षाघाताने वाचा गेलेल्या या बाईला वर्षभर खपून मी तक्त्यावरच्या चित्रांवर बोट ठेवून बोलायला शिकवलं होतं. पाणी, पंखा, संडास, सगळी चित्रं जागच्या जागी होती. फक्त 'नको'च्या जागी डिंकाचा मळका चौकोन उरला होता आणि त्यात एक मुंगी चिकटून मेली होती.

त्याने दुधात कुस्करलेल्या पोळीचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्याचा आंबूस वास माझ्यापर्यंत आला. कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोट सगळी चित्रं ओलांडून त्या रिकाम्या चौकोनावर आलं आणि नख पांढरं पडेपर्यंत तिथेच दाबून राहिलं.

"बघा, तिथे काहीच नाही," असं म्हणत त्याने चमचा आत ढकलला. "आता कशी शहाण्यासारखी जेवते!"