मधला आरसा

"मी मागंच बसते," असं म्हणत धोंडाबाईंनी पिकअपच्या फाळक्यावर हात टेकला आणि चढायला पाय उचलला. गुडघा कटकन वाजला.

"आत्याबाई, पुढं अख्खं सीट मोकळं हाय की," उज्वला, त्यांची सून, म्हणाली. गाडी तीच चालवायची.

"अन् माझ्या काठ्या? मागल्या टायमाला फाळका लावताना शेंडा मोडलास. तवा कुठं बघत होतीस?"

उज्वलाने मागच्या हुडाची ताडपत्री वर केली. आडव्या पायपांना सायकलच्या ट्यूबचे फास बांधले होते आणि त्यांत गळाच्या दोन्ही काठ्या छताशी निजल्या होत्या. शेंडे केबिनकडे, फाळक्यापासून लांब, लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेले. गळ जुन्या चपलेच्या रबरात टोचून ठेवलेले. खाली टोमॅटोचे रिकामे क्रेट होते, पण काठ्यांना लागत नव्हते.

धोंडाबाईंनी एक फास ओढून पाहिला. नाव ठेवायला जागा नव्हती.

"लुगडं माझंच ना गं हे?"

"तुमीच फडक्याला दिलं होतं."

धोंडाबाई पुढे बसल्या. गंगापूर रोड मागे पडला, धरणाकडचा रस्ता लागला आणि दर खड्ड्याला त्या मान वळवून मागच्या काचेतून बघू लागल्या. शेवटी मानेत चमक भरली.

उज्वलाने मधला आरसा त्यांच्याकडे फिरवला. "घ्या. यातून बघा तुमच्या काठ्या."

"मंग तुला मागचं कसं दिसंल?"

"मागं ताडपत्री सोडलीये. यात मला रस्ता थोडाच दिसतो? बाजूचे आरसे हायेत."

आरशात काठ्या झुलत होत्या, पाळण्यासारख्या. धोंडाबाई टक लावून बसल्या.

धरणाच्या अलीकडे गाडी जोरात उसळली आणि आरसा जरा फिरला. आता त्यात काठ्या नव्हत्या, उज्वलाचं तोंड होतं. कपाळावर घाम, नजर रस्त्यावर. खड्डा आला की ती खालचा ओठ दातांत धरायची, गाडी अलगद पार करायची आणि मग ओठ सोडायची.

धोंडाबाईंनी आरसा फिरवायला हात वर केला. तो तसाच खाली घेतला आणि पदर सारखा केला.

"दिसतंय ना नीट?" रस्त्यावरची नजर न काढता उज्वलाने विचारलं.

"दिसतंय," धोंडाबाई म्हणाल्या. "राहू दे तसाच."