शेवाळाची भूक

साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर पाइपनं टाक्यांत सोडायचा आणि त्यातला कार्बन आतल्या हिरव्या शेवाळानं खायचा, अशी योजना. टाक्या मौलाली सांभाळायचा. हंगाम संपला, बॉयलर विझला आणि उपाशी शेवाळ पिवळं पडायला लागलं. त्यात कोल्हापूरहून तपासणीचे पाहुणे पंधरा दिवसांवर आलेले.

"धूर पायजे न्हवं? मग कर की," मॅनेजर म्हणाला.

"बगॅस, उसाचा चोथा, समदा संपलाय, साहेब. जाळू काय?"

मॅनेजरनं टाक्यांमागच्या जांभळीकडं बोट दाखवलं. तिच्याच सावलीत मौलालीनं वीस वर्षं भाकरी-खर्डा खाल्ला होता. तरी कुऱ्हाड त्यानंच चालवली, बुंधा जमिनीसरशी छाटून वर मुरूमही पसरला.

पाहुणे आले तेव्हा शेवाळ हिरवंगार होतं. तपासणीच्या मॅडमनी कौतुक केलं, मौलालीनं मान वर केली नाही. मग त्यांच्या हस्ते वृक्षारोपण निघालं. जागा कुठली, म्हणताच मॅनेजरनं पुन्हा टाक्यांमागंच बोट दाखवलं.

मौलालीची कुदळ मुळांवर आपटत होती. रोप हातात धरून उन्हात उभ्या मॅडम म्हणाल्या, "इतकी चांगली जागा. आजवर इथं झाड लावावं असं कुणालाच वाटलं नाही?"