पोलीस पाटलांचा तपास

आमच्या मुळशीत परदेशी हेर पकडला गेला, असं लोक अजून सांगतात. तसं काही घडलेलं नाही.

सन त्रेसष्ट. नॉर्वेचा ओलाफ जग फिरत इथं आला आणि पुण्याच्या एका मंडळाच्या गिर्यारोहण शिबिरात दोन वेळच्या जेवणावर सकाळपुरता कामाला लागला. पोलीस पाटील जयसिंगरावांना शंका आली.

"मागनं चांगली पायवाट हाय, तरी ह्यो म्होरनं चढतोय. कड्याच्या मधनं धरण दिसत असनार. नकाशा काढतोय त्यो."

खात्री करायला पाटील स्वतःच कमरेला दोर बांधून निघाले. पंचनामा लिहायला मला खाली उभं केलं. वरून दोर धरायला ओलाफच होता. पाटील निम्म्यात पोचले आणि बारा वाजले. ओलाफनं दोर जांभळीला नीट बांधला आणि सकाळचं काम संपलं म्हणून पायवाटेनं जेवायला निघून गेला.

"पाटील, धरण दिसतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. तू लिव्ह."

मी लिहून घेतलं: "मामलेदारसाहेबांस, तपास चालू आहे. तरी सदर संशयित इसमास आजपासूनच पूर्ण दिवसाची नोकरी देण्यात यावी, ही नम्र विनंती."