एका पायावर

डेरेकने समोरच्या उमेदवार मुलीचं बोलणं तिसऱ्यांदा मध्येच तोडलं, तेव्हा लोर्नाने टेबलाखाली स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला.

"एवढंही येत नाही? असला कोड मी झोपेत लिहितो," डेरेक म्हणाला.

मुलगी कसनुसं हसली, आभार मानून गेली. ती काही परत यायची नाही. महिन्यातली ही चौथी. किचनर शहरातली त्यांची कंपनी भराभर वाढत होती, तिघांच्या टीममध्ये आता आठ जण झाले होते. तरी माणसं कमीच पडत होती, आणि डेरेक मुलाखतीला बसला की चांगलं माणूस पळालंच म्हणून समजा.

एवढ्यावर भागलं असतं तर लोर्नाने सोसलंही असतं. पण तिने तीन महिने रक्त आटवून लिहिलेला प्रोग्रॅम गेल्या आठवड्यात त्याने सगळ्यांसमोर 'माझी कल्पना' म्हणून मिरवला. आयत्या बिळावर नागोबा मेला!

"आता एक तर तो राहील, नाहीतर मी," तिने घरी नवऱ्याला सांगून टाकलं.

मग तिने गुपचूप टोरांटोच्या एका कंपनीत मुलाखती दिल्या. पाच फेऱ्या! नोकरीचं पत्र आलं, उत्तराला शुक्रवारपर्यंतची मुदत. पण तिचा पाय निघेना. स्वतःच्या हाताने उभं केलेलं काम त्या नागोबाच्या हवाली करून जायचं?

गुरुवारी दुपारी फोन वाजला. माणसं शोधून देणाऱ्या संस्थेतली प्रिसिला म्हणून कोणी बाई होती.

"डेरेक वॉल्डन तुमचे सहकारी ना? एका वाढत्या कंपनीत मोठ्या जागेसाठी त्यांचा विचार चाललाय. कंपनीचं नाव मात्र सांगता येणार नाही. आठ-एक माणसं सांभाळावी लागतील. कसे आहेत ते?"

लोर्ना खुर्चीतून उठलीच. अगं बाई, हा चालला! सुंठीवाचून खोकला जातोय!

त्या आठ जणांची तिला क्षणभर दया आली. पण क्षणभरच. मग तिने डेरेकला हरभऱ्याच्या झाडावर जे चढवलं, ते पार शेंड्यापर्यंत. हुशार आहे, मनमिळाऊ आहे, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय तर चुकूनही घेत नाही.

"शेवटचं विचारते. त्यांच्या हाताखाली काम करायला तुम्ही तयार व्हाल?"

"एका पायावर!"

"वा! हे असंच लिहून घेते हं."

शुक्रवारी सकाळी तिने टोरांटोला नम्रपणे नकार कळवला. ऑफिसला जाताना डझनभर मेपल डोनट घेतले आणि पहिला डेरेकपुढे धरला.

"काय, आज स्वारी खुशीत?" त्याने विचारलं.

"तुझ्यामुळेच रे," ती म्हणाली.

सोमवारी त्यांची बॉस शॉना हिने सगळ्यांना बोलावलं. डेरेक नवा शर्ट घालून तिच्या शेजारी उभा होता.

"डेरेकबद्दल बातमी आहे," शॉना म्हणाली.

लोर्नाने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

"अगं, ऐक तरी! टीम वाढली, तिला प्रमुख हवा. खरं सांगते, डेरेकला नेमावं की नाही, माझं काही ठरत नव्हतं. म्हणून बाहेरच्या संस्थेला गुपचूप चौकशी करायला लावली." शॉनाने हातातला कागद वर धरला आणि लोर्नाकडे बघून डोळा मिचकावला. "तुमच्यापैकीच कुणाला तरी विचारलं, याच्या हाताखाली काम करायला तयार आहात का? उत्तर काय आलं माहितेय? 'एका पायावर!'"